सेकंडहँड गाडी घेतली आणि आठवड्यात इंजिन बसलं – हक्क, कागद, तपासणी (माहिती आणि अनुभवांचा धागा)

जुनी_पासिंग
आज सोसायटीच्या ग्रुपवर "फर्स्ट ओनर, लेडी ड्रिव्हन, अर्जंट सेल" अशी जाहिरात आली आणि दीड लाखाच्या गाडीवर पुढच्याच महिन्यात इंजिनकाम काढावं लागलेली कितीतरी माणसं आठवली. "सेकंडहँडला कसली आलीय गॅरंटी" म्हणून त्यांनी पैसे सोडून दिले. सोडायला नको होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तू नवीच हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. पैसे मोजून स्वतःच्या वापरासाठी घेतली की तुम्ही ग्राहक.

मात्र विकलं कोणी ते आधी बघा. गाड्यांचा धंदा करणारा डीलर असेल तर ग्राहक आयोग. शेजारच्या काकांनी स्वतःची एकुलती एक गाडी विकली असेल तर आयोगात तक्रार टिकणं अवघड, तिथे करार कायदा आणि दिवाणी न्यायालय. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. आकडे, फॉर्म, पार्ट, सगळं चालेल.

तारीख_पे_तारीख_नको
डीलरची नेहमीची युक्ती सांगते. पैसे तो घेतो, पण फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज) सही मूळ मालकाची असते. डीलरचं नाव एकाही कागदावर नसतं. भांडण झालं की "मी फक्त मध्यस्थ, कमिशनवाला". म्हणून:

पैसे डीलरच्या फर्मच्या खात्यावर द्या, रोख नाही. इसार दिला तर इसारपावती फर्मच्या लेटरहेडवर घ्या. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ, किलोमीटर, चेसिस नंबर आणि फर्मचा शिक्का हवा. जीएसटीचं बिल मागा. जुन्या गाडीवर कर पूर्ण किमतीवर नसतो, डीलरच्या नफ्यावर असतो, त्यामुळे "बिल घेतलं तर लाखभर वाढतील" हे खरं नाही.

कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

पाना_नंबर_१०
कायद्याचं ताई सांगतील. मी यंत्राचं लिहितो, कारण पुराव्याशिवाय आयोगात काही होत नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी) करून घ्या. इंजिन गरम हवं, सगळे स्पार्क प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पेट्रोल गाडीत साधारण १५० ते १८० पीएसआय येतं, मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे गडबड. ज्याचं कमी आलं त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंग-पिस्टन गेलेत, वाढलं नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

विकायच्या आधी जाड ऑइल घालून धूर दाबतात. म्हणून गाडी थंड असताना सुरू करून बघा. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" म्हणाला तर परत जा, दुसऱ्या दिवशी सकाळी या. निळा धूर ऑइल जळतंय म्हणून, गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर कूलंट जळतंय म्हणून. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत चहाच्या सायीसारखा तवंग दिसला तर ऑइल आणि पाणी एक झालंय.

मीटर_मागे
चेतावणीचा दिवा विझवून गाडी विकतात त्यावर उपाय आहे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायचं. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, "कोड पुसल्यापासून किती अंतर" हा आकडा बघा. १२ किलोमीटर दिसलं तर कालच पुसलाय. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्या) "अपूर्ण" दाखवत असतील तरी तोच अर्थ, किंवा बॅटरी काढून लावलीय. या स्क्रीनचा नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढून ठेवा.

मीटर मागे फिरवणाऱ्याने फक्त समोरचा आकडा बदललेला असतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एबीएस किंवा गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये खरे किलोमीटर राहतात, अधिकृत वर्कशॉपच्या स्कॅनरवर ते दिसतात. त्यांच्याकडून सर्व्हिस हिस्टरीही काढा. मालकाची संमती मागतात, म्हणून विकणाऱ्यालाच काढून द्यायला लावा. नाही म्हणाला तर त्यातच उत्तर आलं.

कृष्णाकाठ
पुरातली गाडी!! २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण. बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या टोटल लॉस करून भंगार म्हणून लिलावात काढतात, त्यातल्या काही धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ. कार्पेटखालचा फोम दाबून वास घ्या. गाडी धुता येते हो, वायरिंगचे कनेक्टर धुता येत नाहीत. हिरवट बुरशी चढलेली पिन म्हणजे पुढची दोन वर्षं इलेक्ट्रिशियनकडे खेपा.

टू_व्हीलरवाला
बाइकला पण हेच कायदे का? सेकंडहँड स्कूटर बघतोय भावासाठी

जुनी_पासिंग
@टू_व्हीलरवाला हो, सगळं तेच. फॉर्मही २९-३०च.

तारीख_पे_तारीख_नको
आले. आता सगळ्यात उपयोगाचं.

करार कायद्याच्या कलम १७ खाली एक उदाहरण दिलंय, घोड्याचं. विकणारा घोड्याच्या दोषाबद्दल गप्प राहिला तर नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो", आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरतात. १८७२ चा कायदा आहे, गाडीला तंतोतंत लागू पडतो. पैसे पाठवायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहा:

"या गाडीला मोठा अपघात झालेला नाही, ती पाण्यात बुडालेली नाही, मीटर बदललेलं किंवा फिरवलेलं नाही, इंजिन-गिअरबॉक्स उघडलेला नाही आणि तिच्यावर कर्ज नाही, असं धरून मी रक्कम देत आहे. यातलं काही चुकीचं असेल तर पैसे घेण्याआधी कळवा."

दोन निळ्या टिका आल्या, मग पैसे गेले. नंतर "मला माहीत नव्हतं" म्हणणं त्याला जड जातं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, गाडी विकली की जाहिरात गायब होते. फोन मात्र बदलू नका, मूळ चॅट त्यातच ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आरटीओ_लाइन
कलम १७ चं मस्त सांगितलंत. माझी भर:

डीलर अधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून प्राधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मुदत ५ वर्षं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना जाते आणि तिथून जबाबदारी डीलरची. गाडी घेताना त्या सूचनेची प्रत मागा. ती हातात असेल तर "मी फक्त मध्यस्थ" चालत नाही.

कर्ज: आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) दोन्ही हवेत. "बोजा नंतर उतरवू" ऐकू नका. ई-चलान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर बघा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, पेन्सिलीने चेसिस प्रिंट घ्या.

घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायची. विकणाऱ्यांनीही ऐका, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. नोंदणीत नाव तुमचं राहिलं तर अपघाताची भरपाई तुमच्यावर येते, सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार वि. विजय कुमार खटल्यात २०१८ मध्ये हेच सांगितलं.

पुण्याहून_दिल्लीची_गाडी
दिल्लीची डिझेल स्वस्त मिळतेय, ८ वर्षं जुनी, घ्यावी का

आरटीओ_लाइन
तिथे १० वर्षांच्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून भाव पडलेले. घेतली तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर, हे सगळं किमतीत धरा. रोड टॅक्सचा आकडा आधी काढा, मग स्वस्त आहे का ठरवा.

मीटर_मागे
आणि विमा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

तारीख_पे_तारीख_नको
दोष निघाल्यावर काय. क्रम चुकवू नका.

गाडी चालवणं थांबवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. वस्तू ठेवून घेतली, वाजवी वेळेत नाकारली नाही, तर ती स्वीकारली असं धरतात (माल विक्री कायदा १९३०, कलम ४२). दुरुस्ती लगेच करू नका, पुरावा त्याच इंजिनात आहे. आधी अधिकृत वर्कशॉपचा लेखी अहवाल घ्या: दोष काय, किती जुना दिसतो, खर्च किती. "इंजिन खराब" एवढं पुरत नाही. दोष विक्रीच्या आधीचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते. नाइलाजाने दुरुस्ती केलीच तर जुने पार्ट जपून ठेवा, उघडतानाचा व्हिडिओ काढा.

मग १५ दिवसांची नोटीस, पोचपावती राहील अशी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. काही डीलर तिथेच तडजोड करतात, पण ती आदेश देऊ शकत नाही.

पैसे आले नाहीत तर जिल्हा आयोग. किंमत ५० लाखांपर्यंत तिथेच, ५ लाखांपर्यंतच्या गाडीला फी शून्य. डीलर दुसऱ्या शहरात असला तरी तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात दाखल करता येतं. मुदत २ वर्षं. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय. कायद्यात निकालाला ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने लिहिलंय. प्रत्यक्षात बरंच जास्त धरा.

पाना_नंबर_१०
ताई, "जशी आहे तशी" आणि "गाडी तपासून घेतली" यावर सही करायला लावतात त्याचं?

तारीख_पे_तारीख_नको
@पाना_नंबर_१० घासलेला टायर, पोचलेलं दार अशा वरवर बघून दिसायला हव्या होत्या त्या दोषांवर हक्क जातो. आत लपवलेला दोष आणि धडधडीत खोटं विधान त्या सहीने धुतलं जात नाही. तरी सहीखाली हाताने लिहा, "बाह्य तपासणी केली, इंजिन उघडलेले नाही".

लेस्टरची_आजी
इकडे इंग्लंडमध्ये डीलरकडून घेतली तर ३० दिवसांत परत करायचा हक्क आहे, आणि पहिल्या ६ महिन्यांत दोष आला तर तो आधीपासून होता असंच धरतात. २०१५ चा कायदा. खासगी विकणाऱ्याला मात्र फक्त सांगितल्यासारखी गाडी द्यायची सक्ती. तुमच्याकडे सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्यावर आहे हे वाचून वाईट वाटलं. हे बदलायला हवं गं.

जुनी_पासिंग
@लेस्टरची_आजी खरंच हवं. ६ महिन्यांचा नियम इथे आला तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

कृष्णाकाठ
पेंटची जाडी मोजायचं यंत्र कुठे मिळतं? भाड्याने?

मीटर_मागे
@कृष्णाकाठ ऑनलाइन मिळतं, गाडी तपासून देणाऱ्यांकडेही असतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. ३०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. आधी छत मोजा, ते सहसा रंगवलेलं नसतं, मग बाकीचे पत्रे त्याच्याशी ताडा. दार-फेंडर रंगवलेले चालतात, पार्किंगमध्ये घासतं. पिलर आणि बॉनेटखालचा एप्रन रंगवलेला, वेल्ड केलेला दिसला तर घेऊ नका. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही.

टू_व्हीलरवाला
स्कूटरवाला म्हणतो मेसेजला उत्तर देणार नाही, फोनवरच बोला

तारीख_पे_तारीख_नको
@टू_व्हीलरवाला फोन झाला की लगेच "आत्ता फोनवर तुम्ही असं असं सांगितलंत" हा मेसेज टाका. त्याने उत्तर दिलं नाही तरी चालेल. तो वाचल्यावर त्याने पैसे घेतले, एवढं पुरे.