मदत हवी आहे: आई-बाबांसाठी शांत क्रूझ कोणती?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे. बाबा ७२, आई ६८, दोघांना परत एकदा समुद्र बघायचाय. मागच्या मे महिन्यात मुंबईहून गोव्याच्या क्रूझवर पाठवलं होतं पण शाळेच्या सुट्ट्या, सगळीकडे पोरंच पोरं, लिफ्ट कायम भरलेली आणि आई गुडघा धरून कठड्याला टेकून उभी, तो फोटो बघून मलाच वाईट वाटलं. लेकरांवर राग नाही हो, त्यांना मजा करू द्या, पण या दोघांना निवांत बसून चहा प्यायचा होता एवढंच.

आता गड्डा यात्रा झाली की फेब्रुवारीत पाठवावं म्हणतोय, परीक्षा जवळ असतात म्हणून गर्दी कमी असेल ना? वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस या क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर १८ च्या खालच्यांना घेतच नाहीत, पीअँडओ कंपनीची आर्केडिया, अरोरा ही जहाजं पण तशीच. पण त्यातली व्हर्जिन तरुणांच्या पार्टीची वाटते, वायकिंगवर कसिनोही नाही म्हणून तिकडे मन ओढतंय. कोणाचे आई-वडील गेलेत का? शाकाहारी जेवण नीट मिळतं का, आणि लिफ्टजवळची खोली आधीच मागून घेता येते का? प्लीज सांगा.