शब्द सुचवा: माएग्लिनची इद्रिल कोण लागते?

प्रश्न

टोल्किनच्या काल्पनिक जगातल्या, एल्फ लोकांच्या गोंदोलिन नगरीवर मराठीत फॅनफिक (चाहत्यानं लिहिलेली कथा) लिहिते आहे. इंग्रजी 'कझिन'मध्ये सगळे भाऊबहीण मावतात, मराठीत मात्र नातं नेमकं सांगावंच लागतं. माएग्लिन हा राजा तुर्गोनच्या बहिणीचा, आरेधेलचा मुलगा. इद्रिल तुर्गोनची मुलगी. म्हणजे सरळ 'मामेबहीण'. तरी हा शब्द घातला की प्रसंगातला ताणच जातो, असं वाटतंय. शिवाय दोन शब्द हवे आहेत: साक्षीदारांशिवाय होणाऱ्या एल्फ लग्नाला 'गांधर्व विवाह' म्हणावं का? आणि सिंदारिन या एल्फ भाषेतल्या 'ग्वादोर'ला काय म्हणावं?

प्रतिसाद

मामेबहीणच. नातं तेच आहे, दुसरा शब्द कशाला शोधायचा?

प्रतिसाद

शब्द बरोबर असला तरी वाचकाच्या मनात तो काय जागं करतो तेही बघायला हवं. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या टोल्किनच्या 'सिल्मरिलियन'मध्ये स्पष्ट म्हटलंय की एल्दार, म्हणजे हे एल्फ, इतक्या जवळच्या नात्यात लग्न करत नाहीत, आणि तोवर कुणाला तशी इच्छाही झाली नव्हती. माएग्लिनच्या मनात इद्रिलविषयी जे येतं ते त्यांच्या समाजात कुणाच्या स्वप्नातही आलेलं नाही. ते कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून ते आतल्या आत कुजतं आणि शेवटी गोंदोलिनच्या घातापर्यंत जातं.

आपल्याकडे देशावरच्या कितीतरी घरांत मामाची मुलगी करायची चाल आहे. भाची सून म्हणून आणायचा आत्याचा हक्कच मानतात. अभिमन्यूनं वत्सला केली ती मामाचीच मुलगी, बलरामाची. वत्सलाहरणाची गोष्ट ऐकत वाढलेला वाचक 'मामेबहीण' वाचून म्हणेल, मग अडलंय कुठे, तुर्गोनकडे रीतसर मागणी घाला. आरेधेल जिवंत असती तर तिनंच घातली असती, असंही त्याला वाटेल. ज्यांच्याकडे हे नातं चालत नाही त्यांना अडचण कळेल, पण कथा काही त्यांच्यापुरती नाही.

म्हणून नातं निवेदनात एकदाच सांगा आणि बाकीचा भार हाकेवर टाका. इद्रिल त्याच्याहून पुष्कळ मोठी. ती समुद्रापलीकडे अमानमध्ये जन्मली, हेलकाराक्सेचं बर्फ तुडवून आली, तिथं आई गमावून बसली. हा बेलेरियांडमध्ये, नान एल्मोथच्या काळोख्या रानात जन्मला. तेव्हा मराठी कथेत त्यानं तिला 'ताई' म्हणायला हवं. सगळं नगर तसं धरून चाललेलं असू द्या, आणि तो मात्र एकदाही म्हणत नाही असं दाखवा.

"ताईला सांग, मी बोलावलंय," तुर्गोन म्हणाला.
"इद्रिलला सांगतो," माएग्लिन म्हणाला.

राजानं त्या क्षणी मान वर करावी की नाही, हे तुम्ही ठरवा. वाचकाच्या मात्र लक्षात येईल.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक भर. तुर्गोननं त्याला 'भाचा' म्हणावं आणि त्यानं तुर्गोनला 'मामा' न म्हणता 'महाराज' म्हणावं. आईबाप दोघेही गेलेले. बाप एओल तर मामाच्याच आज्ञेनं कड्यावरून लोटलेला. एओलनं वारही आपल्याच मुलावर रोखला होता, तो आईनं अंगावर घेतला. असा भाचा मामाच्या घरी वाढतो, पण त्याच्या तोंडून 'मामा' सहज निघणार नाही.

नावांचंही बघा. एल्दारांत बापानं दिलेलं नाव जन्मानंतर लवकरच घरच्यांसमोर जाहीर करतात, म्हणून 'बारसं' बिनधास्त वापरा. एओलनं मुलाला बारा वर्षांचा होईपर्यंत नावच दिलं नाही. आई मनातल्या मनात 'लोमिओन' म्हणायची, सांजेचं लेकरू. आपलं बारसं बाराव्या दिवशी होतं, याचं बाराव्या वर्षी झालं. हे एकच वाक्य मराठी वाचकाला एओलविषयी खूप सांगून जाईल.

प्रतिसाद

'गांधर्व विवाह' जपून वापरा. एल्दारांच्या चालीरीतींवरचा टोल्किनचा निबंध 1993 साली 'मॉरगॉथ्स रिंग'मध्ये आला. त्यात म्हटलंय की शांततेच्या काळात विधी टाळणं हा आप्तांचा अनादर मानला जाई. पण दोघंही अविवाहित असतील तर आपल्या मर्जीनं, विधी आणि साक्षीदार यांच्याशिवाय लग्न करायची मुभा कायम होती, आणि पळापळीच्या, वनवासाच्या दिवसांत अशी लग्नं पुष्कळ झाली. इथपर्यंत शकुंतलेचीच गोष्ट. पण या लग्नात एकमेकांना आशीर्वाद देतात आणि एरूचं, म्हणजे ईश्वराचं नाव घेतात. बंधनही विधीनं झालेल्या लग्नाइतकंच पक्कं.

'गांधर्व' म्हटलं की आपल्याला दुष्यंत आठवतो: अंगठी हरवली, राजा ओळख विसरला, भरल्या दरबारात ती एकटी पडली. एल्दारांत हे घडूच शकत नाही. समोरच्याच्या डोळ्यांवरून आणि आवाजावरून त्याचं लग्न झालंय की नाही ते त्यांना तत्काळ कळतं. नाकारणारा तोंड उघडताक्षणी उघडा पडेल. मी असते तर साधं लिहिलं असतं: 'दोघांनी एरूचं नाव घेतलं, लग्न लागलं.'

आणि कृपा करून एल्फ स्त्रीला 'विधवा' म्हणू नका. मेलेला एल्फ मांदोसच्या दालनात जातो आणि तिथून परत देहात येऊ शकतो. मागे राहिलेली वाट पाहत असते. तिच्यासाठी ज्ञानोबांच्या वेळेपासून आपल्याकडे शब्द आहे, 'विरहिणी'. तुर्गोनचा आजोबा फिनवे, त्याची पहिली बायको मीरिएल परतायला तयार झाली नाही, म्हणून त्याला इंदिसशी लग्न करू दिलं. त्यासाठी देवांना खास निवाडा द्यावा लागला. त्या फिनवेला 'बिजवर' म्हणा हवं तर. एवढ्या मोठ्या वंशात शब्द शोभेल असा तोच.

प्रतिसाद

फिनवेचा विषय निघालाच आहे तर, त्याच्या पोरांच्या भांडणाला 'भाऊबंदकी'खेरीज दुसरा शब्द शोधू नका. सावत्र भाऊ, बापाचा वारसा, भरल्या नगरात फेआनोरनं फिंगोल्फिनच्या छातीला तलवार लावणं. सगळं त्या एका शब्दात येतं.

प्रश्नकर्ती

'ताई'ची युक्ती घेतली! तिसऱ्या शब्दाचं काय? माझ्या कथेत माएध्रोस आणि फिंगोनही येतात.

प्रतिसाद

1987 साली छापलेल्या टोल्किनच्या शब्दमूळांच्या यादीत जोडी दिली आहे: रक्ताचा भाऊ 'मुइन्दोर', आणि शपथेचा किंवा सोबतीचा भाऊ 'ग्वादोर'. बहिणीसाठीही तशीच, 'मुइन्थेल' आणि 'ग्वाथेल'. 'सख्खा भाऊ' आणि 'मानलेला भाऊ' ही मराठी जोडी जवळजवळ तशीच बसते. 'शपथबंधू' घडवलेला वाटतो, बोलताना जिभेवर येत नाही. 'गुरुबंधू'त गुरू लागतो.

पण माएध्रोस आणि फिंगोन हे फेआनोर आणि फिंगोल्फिन या सावत्र भावांचे मुलगे, म्हणजे चुलत भाऊ आधीच आहेत. त्यात 'मानलेला' घातलं की वाचक गोंधळेल. थांगोरोद्रिमच्या कड्यावर मनगटानं टांगलेल्या माएध्रोसला सोडवायला फिंगोन एकटा गेला, तोही त्यांच्या दोन घरांत वैर पेटलेलं असताना. तिथे मी 'जिवलग' वापरेन. फॅनफिक वाचणाऱ्यांतले काही त्यांना मित्र मानतात, काही प्रियकर. 'जिवलग' दोघांनाही चालतो आणि लेखिकेला कोणती बाजू घ्यायची ते आधी सांगावं लागत नाही. 'सखा'ही चालला असता, पण त्यात कृष्ण येतो.

प्रश्नकर्ती

शेवटचं एक. इद्रिल आणि तुओर यांचा साखरपुडा दाखवते आहे. 'साखरपुडा' चालेल का?

प्रतिसाद

'वाङ्निश्चय' बरा. एल्दारांत दोन्ही घरं एकत्र जमतात आणि जोडपं एकमेकांना चांदीच्या अंगठ्या देतं. मग निदान एक वर्ष थांबायचं. मोडायचं असेल तर त्या अंगठ्या चारचौघांत परत द्यायच्या आणि वितळवून टाकायच्या, पुन्हा कुठल्या वाङ्निश्चयाला वापरायच्या नाहीत. लग्नाच्या अंगठ्या सोन्याच्या, उजव्या हाताच्या तर्जनीत. नवरी मुलीची आई जावयाला गळ्यात घालायला साखळीतलं रत्न देते. पण इद्रिलची आई एलेन्वे बर्फात गेली, आणि तुओर माणूस, त्याचेही आईवडील हयात नाहीत. ते रत्न त्याच्या गळ्यात कोण घालणार, हे आधी ठरवा.