एका दिवसात १२-१५% पडलेला शेअर दोन-चार दिवसांसाठी घ्यावा का?

प्रश्न (कुडाळ): कंपनीच्या नफा-तोट्याच्या निकालानंतर एखादा शेअर दणकून आपटतो आणि पुढच्या दोन-तीन सत्रांत थोडा वर येतो. ती उसळी पकडायची तर प्रवेश कुठे, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) किती? भांडवल २ लाख. पावसात इकडे वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, तेही धरून सांगा.

देवगडकर: आधी भाव खरंच पडलाय का ते बघा. बोनस (फुकट शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक) किंवा डीमर्जर (धंद्याचा भाग वेगळा काढणं) याची एक्स-डेट, म्हणजे नव्या खरेदीदाराला तो लाभ न मिळण्याचा पहिला दिवस, असेल तर चार्टवर मोठी घसरण दिसते, पण तो फक्त हिशोबाचा फरक असतो. मग एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीची घोषणा वाचा. मोठ्या भागधारकाने ब्लॉक डीलमध्ये (एकगठ्ठा मोठ्या सौद्यात) सवलतीत माल विकला असेल तर धंदा तोच राहतो, तिथे उसळीला वाव आहे. ऑडिटरचा राजीनामा किंवा प्रवर्तकांचे तारण शेअर विकले जाणं, अशा घसरणीला हात लावू नका. स्वस्त दिसतो म्हणून घेणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

पडलेल्या दिवशी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास जाऊ द्या. आदल्या दिवसाचा नीचांक टिकला आणि भाव त्या अर्ध्या तासाच्या उच्चांकावर गेला, तरच प्रवेश.

नग ठरतात स्टॉपलॉसवरून. २ लाखांवर १% जोखीम म्हणजे २,००० रुपये. समजा प्रवेश ४१२, नीचांकाखालचा स्टॉप ३९६, फरक १६. २,००० भागिले १६ म्हणजे १२५ नग, रक्कम ५१,५००. आणखी पडला तर ॲव्हरेज करायचं नाही (सरासरी भाव उतरवायला आणखी नग घ्यायचे नाहीत), स्टॉप लागला की विषय संपला.

गुहागर: एक भर घालतो. शक्यतो एफ अँड ओ (फ्युचर्स अँड ऑप्शन्स) यादीतलाच शेअर घ्या. त्याला ठरावीक सर्किट (एका दिवसातल्या चढ-उताराची मर्यादा) नसतं. बाकीच्यांना ५, १० किंवा २०% चं लोअर सर्किट लागलं की घेणाराच उरत नाही, स्टॉपलॉस नुसता रांगेत पडून राहतो. भाव गॅपने थेट ३८५ ला उघडला तर ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) ३९६ आणि लिमिट (विक्रीचा किमान भाव) ३९२ असलेली ऑर्डरही भरत नाही. तेव्हा हातानेच बाहेर पडावं लागतं.

नेटचं म्हणाल तर स्टॉप आणि टार्गेट दोन्ही जीटीटीमध्ये (भाव येईपर्यंत थांबणाऱ्या ऑर्डरमध्ये) टाका, ते ब्रोकरच्या सर्व्हरवर राहतं. पण डीडीपीआय (विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी) दिलेलं नसेल तर विक्रीच्या दिवशी टीपिनने (डीमॅटच्या गुप्त क्रमांकाने) मंजुरी लागते आणि नेमकं तेव्हा नेट नसलं की ऑर्डर रद्द. डीडीपीआय आधीच करून घ्या, ब्रोकरचा कॉल अँड ट्रेड (फोनवरून ऑर्डर द्यायचा) नंबरही मोबाइलमध्ये ठेवा.

प्रश्नकर्ता: टार्गेट ४४४ ठेवलं तर हातात किती?

देवगडकर: ढोबळ नफा ४,०००. डिलिव्हरीवर दोन्ही बाजूंना ०.१% एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), म्हणजे १०७ रुपये. स्टॅम्प ड्युटी सुमारे ८, वर ब्रोकरेज आणि डीपी चार्ज (विक्रीवेळी डीमॅट खात्याचं शुल्क). अल्पकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २०% कर, अधिक सेस. म्हणजे तीन हजारांच्या आसपास. आणि आंब्याचे पैसे यात घालणार असाल तर जूनमधल्या खताची आणि मजुरीची रक्कम आधी बाजूला काढा, ती या २ लाखांत धरू नका.