मदत हवी आहे: कॉपरच्या आळवणीनंतर तिसऱ्या दिवशी सुडोमोनास सोडलं, वाया गेलं का?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. टोमॅटोची लागण होऊन महिना झाला आणि आठवडाभर झाला झाडं मरायला लागलीत. आधी खालची पानं पिवळी पडतात, तीही एकाच बाजूची, दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी परत टवटवीत, की आपल्याला वाटतं वाचलं, आणि चार-पाच दिवसांत खल्लास. एक झाड उपटून खोड उभं चिरलं तर सालीच्या आत तपकिरी रेघ वरपर्यंत गेलेली. फ्युजेरियम बुरशीची मर असावी.

आता माझा घोळ. घाबरून सोमवारी कॉपर ऑक्सिक्लोराइडची (तांब्याचं बुरशीनाशक) आळवणी केली, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतलं, आणि गुरुवारी त्यावरच सुडोमोनास फ्लुरोसन्स (रोगाच्या बुरशीला रोखणारे उपयोगी जिवाणू) सोडलं. रात्री डोक्यात आलं, अरे कॉपर तर जिवाणूंनाही मारतं! मग सोडलेलं जगलं असेल का? परत कधी सोडू? का सरळ बॅसिलस सबटिलिस (तसलेच दुसरे उपयोगी जिवाणू) घेऊ? आणि हो, सुडोमोनासचा पुडा फोडला तेव्हा पावडरीचे गोळे झालेले होते.

प्रतिसाद 1: गोळे म्हणजे ओल लागलीय, त्यात जिवंत किती उरले असतील देव जाणे. सुडोमोनासला बीजाणू (कडक कवचातली सुप्त अवस्था) नसतात, नाजूक असतं ते. बॅसिलस बीजाणू करतं म्हणून ऊन, कोरडं सगळं सोसतं, मी तरी तेच घेईन. कॉपरनंतर निदान पंधरवडा जाऊ द्या. पण त्याआधी ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, खोडाचा बुडाजवळचा तुकडा कापून त्यात टांगा, हलवू नका. कापातून दुधाळ धागा खाली उतरला तर मर बुरशीची नाही, जिवाणूची, मग हे सगळंच बाजूला. आणि लागलेलं झाड कशानेच उठत नाही हां, आपण सोडतो ते उपयोगी जिवाणू मुळाभोवती आधीच जागा धरून बसतात, सुडोमोनास तर बुरशीच्या वाट्याचं लोहसुद्धा पळवतं, म्हणजे उपयोग निरोग्या झाडांना.

धागाकर्ता: आत्ताच करून बघितलं, दहा मिनिटं ग्लासाकडे टक लावून बसलो, घरचे हसतायत, धागा काही आला नाही. पण मुळं धुतली तर त्यावर मण्यांसारख्या गाठी, आणि त्या झटकून निघत नाहीत.

प्रतिसाद 1: मग सूत्रकृमी (मुळात शिरणारे अगदी बारीक कृमी) आहेत, त्यांनी केलेल्या जखमांतूनच फ्युजेरियम आत शिरायला सोपं जातं. मुळांचा फोटो टाका, निरोग्या झाडाचाही एक.