'स्मृतीचा ऱ्हास' की 'विसरायला होतं'?

उंबरठा
मंडळी, अडलंय. साठीपुढच्यांसाठीची एक प्रश्नावली मराठीत करतेय. चाचणीत गुण चांगले पडतात, पण स्वतःला मात्र आतून वाटत असतं की आपली स्मरणशक्ती घसरतेय, अशा लोकांचा अभ्यास आहे. पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होणाऱ्यांपैकी काहींना हे फार आधी जाणवलेलं असतं, म्हणून. प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तरं तीन: 'नाही'; 'हो, पण काळजी वाटत नाही'; 'हो, आणि काळजी वाटते'. हाती आलेल्या मसुद्यात "आपल्या स्मृतीचा ऱ्हास होत असल्याचे जाणवते का?" असं आहे. शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "स्मृती म्हणजे ती वरच्या मजल्यावरची? काय झालं तिला?"

जुना मास्तर
आधी 'ह्रास' लिहा. मूळ संस्कृत शब्द तोच. 'स्मृतिभ्रंश' तर गीतेतला, दुसऱ्या अध्यायाचा ६३वा श्लोक.

कोरा कागद
मास्तर, तिथे स्मृतिभ्रंश रागातून होतो. क्रोध, मग संमोह, मग स्मृती ढळते, मग बुद्धी जाते. आजाराचा काय संबंध? आणि 'ऱ्हास' मराठीत केव्हाच रुळलाय. हकारावर रफार चढवून जिभेला कसरत कशाला?

जुना मास्तर
'ह्रास'मध्ये रफार नाहीच, हला र जोडलाय. रुळलंय म्हणून चालवायचं तर उद्या 'अल्झायमर'ला 'अलझमर' म्हणाल.

बिनटाक्याचा
आमच्या गल्लीत 'अलझमर'च म्हणतात. असो. उंबरठाताई, या अवस्थेला 'सब्जेक्टिव्ह कॉग्निटिव्ह डिक्लाइन' हे सध्याचं नाव आणि निकष २०१४ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने दिले, पण कल्पना जुनी. मनोविकारतज्ज्ञ रीसबर्ग यांच्या १९८२च्या, स्मरणशक्ती किती घसरली ते मोजणाऱ्या सात पायऱ्यांच्या मापात दुसरी पायरी हीच: माणूस तक्रार करतो, तपासणीत काही सापडत नाही. असं वाटणाऱ्या बहुतेकांना पुढे डिमेन्शिया होत नाही. उदासपणानेही असं वाटतं, झोप नसली तरी वाटतं. म्हणून नुसतं 'हो' पुरत नाही. कधीपासून, काळजी वाटते का, बरोबरीच्यांपेक्षा जास्त वाटतं का, हेही विचारतात. शब्द फार वजनदार ठेवलात तर लोक घाबरूनच 'हो' म्हणतील.

उंबरठा
तेच तर! मला 'विसरायला होतं' हवंय. आई कधीच "मी विसरते" म्हणत नाही. "विसरायला होतं गं." जणू विसरणं बाहेरून येऊन तिच्यावर पडतं.

झुणकाभाकर
व्वा. यात व्याकरणाची एक गंमत आहे. 'मी चहा प्यालो', 'मी धडा शिकलो' तसं 'मी छत्री विसरलो'. कर्म असूनही क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. बाई 'मी छत्री विसरले' म्हणते, तेही छत्रीमुळे नव्हे. म्हणजे विसरण्याचा दोष पुरता माणसाच्या माथी. आणि आठवणं मात्र 'मला'. मला आठवतं, मला आठवत नाही. तिथे आपण नामानिराळे.

कोरा कागद
पण 'आठवत नाही' आणि 'लक्षात राहत नाही' एक नाहीत! आठवत नाही म्हणजे आत आहे, बाहेर येत नाही. नाव जिभेवर असतं तसं. लक्षात राहत नाही म्हणजे आत गेलंच नाही. प्रश्नात कुठलं हवंय?

बिनटाक्याचा
खरं तर दोन्ही. आजारात सुरुवातीला नवीन गोष्ट आत राहत नाही, लग्नातलं जेवण मात्र पदार्थांसकट आठवतं.

मांडवीकाठ
आमच्या कोंकणीत आठवणीला 'उगडास' म्हणतात. उगडास येना म्हटलं की दार उघडत नाही असंच वाटतं मला.

जुना मास्तर
'उघडणे'शी संबंध कानावरून जोडू नका. तसं तर 'आठवणे' म्हणजे कपाळाला आठ्या घालणे म्हणाल.

मांडवीकाठ
हे मात्र आवडलं मास्तर, घेतलं.

झुणकाभाकर
'बरोबरीच्यांपेक्षा'ला आमच्याकडे 'वारगीच्या' म्हणतात. "तुमच्या वारगीच्या बायांपेक्षा जास्त विसरायला होतं का?" आजीला लगेच कळेल.

जुना मास्तर
समवयस्क.

कोरा कागद
मास्तर, समवयस्क फक्त निमंत्रणपत्रिकेत भेटतात.

उंबरठा
काल आईलाच विचारून पाहिलं. "पूर्वीपेक्षा विसरायला जास्त होतं का गं?" तिने पदर पुढे केला. लक्षात राहावं म्हणून ती पदराला गाठ मारते, पहिल्यापासून. एकाशेजारी एक तीन गाठी होत्या. म्हणाली, "ही दुधाची. ही तुझ्या मामाला फोन करायचा त्याची." तिसरी बराच वेळ चिमटीत धरून बसली. मग म्हणाली, "वयच झालं," आणि सोडून टाकली. काळजी वाटते का, हे मी विचारलंच नाही. ते कोणत्या रकान्यात घालू?

झुणकाभाकर
आमची आजी ओच्याला मारायची गाठ. पुरुष उपरण्याला मारत.

जुना मास्तर
'वारगी' हा 'वर्ग'वरून आला असावा का? कुणाकडे जुना कोश असेल तर पाहा.

कोरा कागद
मास्तर, म्हणजे मान्य केलात शब्द!

जुना मास्तर
व्युत्पत्ती विचारली आहे. मान्यता दिलेली नाही.