मदत हवी आहे: आयर्लंडच्या किनाऱ्याने सायकल, वॉटरफर्ड की मेयो?

मेतकूट
मुलगी डब्लिनला शिकते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय आणि त्यातला आठवडाभर तिघांनी किनाऱ्याने सायकल चालवायची असं घाटतंय. ग्रुप नको, शिट्टी वाजवणारा लीडर तर मुळीच नको. तिकडे 'सेल्फ-गायडेड' म्हणून प्रकार मिळतो: सायकली, बी अँड बीचं (घरगुती मुक्काम आणि सकाळचा नाश्ता) बुकिंग, नकाशा आणि मोबाइलवर वाट दाखवणारी जीपीएक्स फाइल कंपनीची, बॅगा त्यांची व्हॅन पुढच्या मुक्कामी नेऊन टाकते, पेडल आपण मारायचं.

घोडं अडलंय जागेवर. मुलगी म्हणते वॉटरफर्ड. तिथून डंगार्व्हनपर्यंत बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवर ४६ किमीचा ग्रीनवे, म्हणजे मोटारींना बंद अशी सायकलवाट आहे आणि जवळच कॉपर कोस्ट. नवऱ्याला मेयो हवंय: वेस्टपोर्ट ते अकिल, तोही जुन्या रेल्वेचाच मार्ग, साधारण ४२ किमी, वर अकिल बेटावरचे रस्ते. हा माणूस दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. मी मंडईपर्यंत जाते, आणि चढ आला की उतरून ढकलते.

तर कुठे जावं? बॅगा नेण्याचे पैसे द्यावेत का? ई-बाइकला लायसन्स लागतं का? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. आणि एवढं जातोच आहोत तर वर उत्तरेला जायंट्स कॉजवेही (तो षटकोनी दगडी खांबांचा किनारा) उरकता येईल का?

लिफीकाठी
आधी कॉजवेचं, कारण त्यात पुष्कळ जण फसतात. तो उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये येतो. सीमेवर ना नाका ना पोलीस, बस सरळ निघून जाते, पण तुमच्या आयरिश व्हिसावर तिथे जाणं बेकायदा आहे. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम आहे, त्यातला व्हिसा असेल तरच एका व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असतो, तो बघा. नसेल तर कॉजवे विसरा. आणि शेंगेन व्हिसाचा इथे काही उपयोग नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही.

ई-बाइकला लायसन्स लागत नाही. मोटर २५० वॅटपर्यंत, पेडल मारलं तरच चालणारी आणि २५ किमी वेगाला मदत थांबवणारी असली की कायद्याच्या लेखी ती सायकलच. हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आणि पुढचा ब्रेकही उजव्या हाताला, तेव्हा हाताला नवीन काही शिकवावं लागत नाही.

घाटमाथा
मेतकूटताई, वॉटरफर्डचा ग्रीनवे डोळे मिटून करा. (बोगद्यात तसेच मिटल्यासारखे होतात. बॅलीव्हॉइलचा बोगदा ४०० मीटर आहे, आत गारठा आणि भिंतींवरून ठिबकणारं पाणी.) रेल्वेचा मार्ग म्हटल्यावर चढ नावालाच, इंजिनाला जमेल तेवढेच. डंगार्व्हनहून वॉटरफर्डकडे या, वारा बहुतेक पाठीशी राहतो.

कॉपर कोस्टचं मात्र वेगळं आहे. ट्रॅमोर ते डंगार्व्हन हा किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात दर खाडीपाशी खाली उतरायचं आणि लगेच वर चढायचं: अ‍ॅन्सटाउन, बोटस्ट्रँड, बनमॅहन. एकही चढ मोठा नाही, पण संपतच नाहीत. रस्ता अरुंद, बाजूला कुंपणाची झुडपं, कडेला सरकायला जागा नाही. तुम्हाला इथे ई-बाइक हवीच, साहेबांना साधी द्या.

बनमॅहनच्या अलीकडे टँकर्ड्सटाउनला थांबा. एकोणिसाव्या शतकातल्या तांब्याच्या खाणीचं इंजिनघर कड्यावर उभं आहे. खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन होतं, त्याची ही इमारत. खाली लाटा, वर धुराडं. युनेस्कोच्या जिओपार्कमध्ये येतो हा पट्टा.

बॅगांचं म्हणाल तर इथे पैसे द्या. रोज मुक्काम बदलतो, आणि पॅनिअरमध्ये (सायकलला अडकवायच्या पिशव्यांत) तिघांचं सामान घेऊन ते चढ चढणं म्हणजे सुट्टी नव्हे.

मेतकूट
वा, फार उपयोग झाला. कॉजवे बाद, आमच्या व्हिसावर तो शेरा नाही. पण नवरा हटून बसलाय. मेयोचं कोणी सांगेल का? वाऱ्याबद्दल भयंकर वाचलंय.

पश्चिमवारा
पश्चिमेकडे नोकरीला होतो, म्हणून सांगतो: तिकडे चढाला घाबरू नका, वाऱ्याला घाबरा. तो बहुतेक नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, आणि समोरून आला की सपाट रस्त्यावरही सर्वांत हलका गिअर टाकावा लागतो. म्हणून दिशा उलटी करा. सकाळी वेस्टपोर्टहून भाड्याच्या सायकलींसकट शटलने अकिलला जा आणि चालवत परत या. अकिल ते मलरॅनी साधारण १३ किमी, मलरॅनी ते न्यूपोर्ट १८, हे पाठीवरच्या वाऱ्याने मजेत जातं. शेवटचे ११-१२ किमी वाट दक्षिणेला वळते, तिथे वारा बाजूने लागतो, तेवढी ताकद राखून ठेवा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, घाई कशाचीच नाही.

आता इतिहास. न्यूपोर्ट आणि मलरॅनीच्या मध्ये ग्रीनवे सोडून थोडं खाली गेलं की रॉकफ्लीटचा चौमजली बुरूज आहे, भरतीचं पाणी त्याच्या पायाशी येतं. ग्रेस ओमॅलीचा हा किल्ला. सोळाव्या शतकात इथल्या क्लू बे या खाडीवर तिच्या गलबतांचा दरारा होता. इंग्रजांनी तिच्या मुलाला पकडलं तेव्हा १५९३ साली ती लंडनला जाऊन थेट एलिझाबेथ राणीला भेटली. समोरच्या खाडीत म्हणे वर्षाच्या दिवसांइतकी बेटं आहेत. मोजायच्या भानगडीत पडू नका.

पण खरी गोष्ट तुमच्या चाकाखालच्या वाटेची आहे. १८९४ च्या जूनमध्ये अकिलची तरुण मुलंमुली स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला निघाली होती. वेस्टपोर्टच्या धक्क्याजवळ, मोठ्या जहाजापाशी पोचता पोचता त्यांची होडी उलटली, ३२ जण बुडाले. तेव्हा अकिलची रेल्वे रीतसर सुरूही झाली नव्हती. त्या मार्गावरून पहिली गाडी गेली ती हे मृतदेह घेऊन. १९३७ मध्ये स्कॉटलंडमध्येच कर्किंटिलॉकला मजुरांच्या झोपण्याच्या जागेला आग लागली, अकिलचे दहा जण गेले, आणि लाइन बंद होता होता त्यांनाही याच रुळांवरून घरी आणलं. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत प्रेतं येतील असं भाकीत जुन्या काळी कोणी केलं होतं, अशी दंतकथा तिथे सांगतात. भाकिताचं सोडा, पण दोन्ही वेळी मुलं मजुरीलाच गेली होती. मला त्या वाटेवर हेच आठवत राहतं.

बॅगांना इथे पैसे नकोत. वेस्टपोर्टला निम्मे दिवस राहा, अकिलवर कीलला निम्मे. साहेबांना डूआहून कीम बेचा चढ चढू द्या. कड्याला धरून रस्ता आहे, खाली पांढरी वाळू. तुम्ही स्लीव्हमोरचं ओस गाव बघा: डोंगराच्या पायथ्याशी दगडी घरांची रांग, छपरं नाहीत, भिंती तेवढ्या उभ्या.

लिफीकाठी
ट्रेनचं राहिलं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून वेस्टपोर्टला थेट गाडी आहे, तीन तासांवर लागतात. वॉटरफर्डलाही ह्यूस्टनहूनच. स्वतःची सायकल न्यायची तर जागा आधी बुक करावी लागते आणि जागा मोजक्याच असतात, तिथेच भाड्याने घ्या. बुक करताना तिघांची उंची कळवा. तुमचं सीट नेलंत तर उत्तम, परक्या सीटवर तिसऱ्या दिवशी बसवत नाही.

वरणफळ
खाण्याचं मी सांगते. बी अँड बीवाल्यांना शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळीच कळवा. नाहीतर सकाळी ताटात सॉसेज आणि रॅशर (बेकनचे काप) येतात. ब्लॅक पुडिंग नाव वाचून गोड समजू नका, ते डुकराच्या रक्ताचं असतं. अंडी, मश्रूम, बीन्स, सोडा ब्रेड आणि लोणी यांवर पोट भरतं. दुपारी पबमध्ये भाजीचं सूप मागवताना चिकनचा स्टॉक आहे का ते विचारा. वॉटरफर्डला गेलात तर ब्ला खा, पिठाने माखलेला मऊ गोल पाव, आपल्या लादीपावाचा चुलतभाऊच. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा तूप-पनीर बॅगेत नको. चिवडा आणि मेतकूट खुशाल घ्या, तुमच्या नावाला जागा!

मेतकूट
हाहा, मेतकूट येणारच होतं. घरात मतदान झालं, २-१ ने मेयो. मुलगीच फितूर झाली, ती रेल्वेची गोष्ट वाचून. मी ई-बाइकवर. शटल आणि सायकली आम्ही स्वतःच बुक करतो. एक शेवटचं: ती माणसं पुरली कुठे? ग्रीनवेवरून जाता येईल का?

पश्चिमवारा
किल्डाव्हनेटच्या दफनभूमीत, दोन्ही वेळची तिथेच. ग्रीनवेवर नाही, बेटावर आहे. अकिल साउंडचा पूल ओलांडला की लगेच डावीकडे वळा, अटलांटिक ड्राइव्हची पाटी दिसेल. तो रस्ता खाडीच्या कडेने दक्षिणेला जातो. शेजारीच ओमॅलींचा बुरूजही आहे. जाताना वारा तोंडावर असेल, त्यामुळे बेटावर मुक्काम असताना स्वच्छ दिवस बघून सकाळी निघा, आणि ई-बाइकची बॅटरी रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवा. पंक्चर स्वतःच काढावं लागतं. ट्यूब आणि टायर लिव्हर दुकानदार देतो का ते आधीच विचारून घ्या.