माळ्यावरची तोड्याची बंदूक चालू करता येईल का?

पंचवटीकर:
वाड्याची माळवदं उतरवताना तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवायची, बंदूक सापडली. दस्त्यावर पितळी पट्ट्या, चाप गंजून बसलेला. कागद काहीच नाहीत. अंबडचा एक ओळखीचा फिटर नळी लेथवर साफ करून देतो म्हणतोय. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला बार काढावा असं वडिलांच्या फार मनात आहे. देऊ का त्याला?

टूलरूमवाले काका:
नका देऊ, बाळा. आधी सांग, ती भरलेली नाही हे पाहिलंस का? काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंडासमोर उभं न राहता बाजूने लाकडी काठी नळीत अलगद सोड, तोंडाशी खूण कर, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघ. कानाच्या भोकापाशी, म्हणजे मागच्या टोकाला दारू पेटवायच्या भोकापाशी, पोचली नाही तर आत काहीतरी आहे.

आणि बाराचं मनातून काढा. या नळ्या लोखंडी पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून सांधलेल्या असतात. जळलेल्या दारूचा क्षार ओल धरतो, त्यामुळे गंज मागच्या टोकाला जास्त खातो, आणि बाराचा सगळा जोर तिथेच येतो. लेथ लावला की राहिलेलं लोखंडही पातळ होणार. पट्टीच्या पिळाची नक्षी जाईल ती वेगळीच. ती नक्षी घडवणाऱ्याची सही आहे, ती घासून टाकलेली मला बघवत नाही.

कायद्याचंही बघ. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. चालू करायला गेलास की सूट गेली. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो. पोलीस आयुक्तालयात आपणहून कळवा.

सिन्नरवाला:
चापात रॉकेल सोडून रात्रभर ठेवा, सुटतो.

टूलरूमवाले काका:
नळी रिकामी असल्याची खात्री होईपर्यंत चापाला हातही नको.

पंचवटीकर:
काका, काठी चार बोटं कमी पडतेय.

टूलरूमवाले काका:
मग आहे तिथेच राहू दे. नळीच्या रेषेत कुणी येऊ देऊ नकोस, देवघरातली समई लांब ठेव, ११२ लाव. गज घालून उकरू नकोस. मोकळी होऊन परत मिळाली की पातळ तेल आणि मऊ कापड घेऊन मी स्वतः येतो. लाकडाला जवसाचं तेल लावू.